आधी स्टॅबिलायझर लिंक बघा
"गाडीच्या पुढून खटखट आवाज म्हणजे शॉकअपच गेले, जोडी बदलून टाका" असं काहीजण सांगतात, ते पटत नाही. जुन्या गाडीत आधी स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी फार झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांकडच्या भागांना जोडणारा दांडा) लिंक, म्हणजे टोकाचा छोटा जोड, अन् बुश, म्हणजे रबरी गादी बघा, फार स्वस्तात काम होतं. दोन्ही चाकं सोबतच स्पीडब्रेकरवरून गेली तर तो दांडा पिळला जात नाही, आवाज बहुधा येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की खट्!

आमच्या गाडीचं हेच झालं होतं, शेताकडच्या चाकोरीत तर जास्तच. अंबाजोगाईच्या मिस्त्रीनं लिंक हलवून दाखवली: सांध्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटलेला, आत काळी माती घट्ट बसलेली, ग्रीसचा पत्ता नाही. तपासताना एकच बाजू जॅकवर उचलू नका. दांडा ताणात राहतो अन् ढिली लिंकही घट्ट वाटते.