मदत हवी आहे: सगळ्या गायी एकाच हंगामात व्यायला आणाव्यात का?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगोला तालुक्यातले. गोठ्यात बारा संकरित होल्स्टीन गायी आणि भरवायला (रेतन करून गाभण करायला) आलेल्या तीन कालवडी आहेत. आजवर आमचा नियम साधा होता: व्याल्यावर साठ दिवस झाले आणि गाय माजावर आली की भरवायची, महिना कोणताही असो. त्यामुळे बाराही महिने कोणती ना कोणती दुधात असते आणि दर दहा दिवसांचं डेअरीचं बिल चुकत नाही.

आता धाकट्या दिरांचं म्हणणं, सगळ्या गायी जानेवारी-फेब्रुवारीत भरवू, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात वितील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तोवर खरिपाच्या मक्याचा मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) तयार असतो, कारखाने सुरू झाले की उसाचं वाडं मिळतं, फेब्रुवारी-मार्चला ज्वारीचा कडबा येतो. व्याल्यावर दीड-दोन महिन्यांनी दूध सगळ्यात जास्त असतं, ते नेमकं थंडीत पडेल. शिवाय थंडीत गाभ ठरतो. मे महिन्यात तर गाय दिवसा माज दाखवतच नाही. पहाटे तीनला बॅटरी घेऊन गोठ्यात गेलं तर शेपटीला माजाचा काचेसारखा चिकट सोट (स्राव) लोंबताना दिसतो, उजाडेपर्यंत तो वाळून गेलेला असतो. वेळेवर भरवली तरी बऱ्याचदा उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते.

माझं अडतं ते हिशोबापाशी. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. दरवर्षी त्याच महिन्यात वीत हवं तर व्याल्यापासून ८५ दिवसांत गाभ राहायलाच हवा. पहिले ६० सोडले तर उरतात २५, आणि माज येतो २१ दिवसांनी. म्हणजे एक संधी, फार तर दोन. त्यात उलटली की गाय हंगामाबाहेर. न्यूझीलंडमध्ये कळपच्या कळप जुलै-ऑगस्टात वितात, कारण तिथे पुढे वसंताचं गवत येतं, आणि गाभण न राहिलेली गाय ते कत्तलीला काढतात. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, आणि नसती तरी आमच्या घरात कुणाचा हात झाला नसता. मग मागे राहिलेल्या गायीचं करायचं काय? भाकड गायीला व्यापारी कवडीमोल भाव सांगतो.

दुसरं म्हणजे विण्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्याच आटवल्या (दूध काढणं बंद केलं) तर बिल कुठून येणार? पेंडीची उधारी आणि बँकेचा हप्ता थांबत नाहीत. तिसरं, थंडीत सगळीकडेच दूध वाढतं आणि दर उतरतो. चार पैसे मिळतात ते उन्हाळ्यात.

कुणी असा बदल केला असेल तर सांगा. पैशाचं गणित कसं बसवलंत?

प्रतिसाद १ (बारामतीकडून)
ताई, सगळ्या एकदम नका आणू. आम्ही दोन गट केलेत. एक ऑक्टोबरच्या मध्यापासून भरवतो, तो जुलैअखेर वितो. दुसरा फेब्रुवारीत भरवतो, तो नोव्हेंबरअखेर. पहिला गट मे अखेर आटतो, म्हणजे हिरवा चारा सर्वांत कमी असतो तेव्हा निम्म्या गायींना दुधाचा खुराक लागत नाही. नोव्हेंबरवाल्या उन्हाळ्यात दुधात असतात, चढा दर त्यांना मिळतो. फेब्रुवारीत उलटलेली ऑक्टोबरच्या गटात घेतो, ऑक्टोबरची फेब्रुवारीत. कुठलीच गाय विकावी लागत नाही. त्रास एकच, जुलैत व्यालेल्यांना चिखलामुळे कासदाह फार होतो. गोठ्यात मुरूम टाकून घ्या.

प्रतिसाद २ (पशुवैद्यक)
दोन गट योग्य. फक्त आटवलेल्या गायींकडे दुर्लक्ष नको. शेवटच्या दोन महिन्यांत उन्हाचा ताण बसला तर पुढच्या वेताचं दूध घटतं, वासरूही कमी वजनाचं होतं. सावली, पाणी, क्षार मिश्रण चालूच ठेवा. आणि माज एकत्र आणायला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन परस्पर देऊ नका. गाय गाभण असली तर गाभ पडतो. आधी तपासून घ्या.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. दिरांना वाचून दाखवलं, दोन गट त्यांनाही पटले. एकच विचारते. एप्रिलमध्ये व्यालेली एक गाय सध्या चौदा लिटरवर आहे. तिला आता भरवू की ऑक्टोबरपर्यंत थांबू?

प्रतिसाद २ (पशुवैद्यक)
आता भरवलीत तर पुढच्या उन्हाळ्यात वितेल, तेच टाळायचं आहे. दूध टिकून आहे तोवर थांबायला हरकत नाही, माजाच्या तारखा मात्र लिहून ठेवा. दूध झपाट्याने उतरलं तर वाट न बघता भरवा. बदलाची सुरुवात कालवडींपासून करा. त्यांच्यामागे दुधाचा हिशोब नसतो. वजन अडीचशे किलोच्या पुढे गेलं असेल तर तिन्ही ऑक्टोबरच्या गटात घ्या.