मॉथला काय म्हणायचं : पतंग, पाकोळी की पाखरू?

प्रश्न : परवा जिन्यातल्या दिव्याशेजारी भिंतीवर तळहाताएवढा हिरवा मॉथ बसला होता. लेकीला 'पतंग' म्हणून दाखवला, तर म्हणाली, "पतंग तर संक्रांतीला उडवतात!" आई 'पाखरू' म्हणते, कुठेतरी 'पाकोळी'ही वाचलंय. नेमका शब्द कोणता?

उत्तर : पतंगच, बिनदिक्कत वापरा. गीतेच्या अकराव्या अध्यायात जळत्या आगीत झेप घेतात ते पतंगच. आणि शब्द पोथीत अडकलेला नाही. बोंडअळीचे पतंग कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नराला ओढणाऱ्या) किती आले, हे कापूस लावणारा शेतकरी आजही मोजतो.

'पाकोळी'ने घोटाळा होतो. पुलांखाली, जुन्या कमानींत घरटी करणारा पक्षी म्हणजे पाकोळी. त्यात २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनचं मराठी नाव राणी पाकोळी! म्हणजे पक्षीही तीच, फुलपाखरूही तीच. मॉथसाठी हा शब्द मी टाळतो.

आईंचं 'पाखरू' मला फार आवडतं, पण "दिव्यावर पाखरं आली" म्हणताना त्यात पंख फुटलेली वाळवीसुद्धा येते. 'रातपतंग' मात्र नको. सिंहगडाच्या वाटेवर भर उन्हात फुलांवर उडणारे पतंगही दिसतात. वाटेवर शंका आली तर मिश्या बघा: फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी बहुधा दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी.

तुमच्या हिरव्यावर गुलाबी-पांढरट पट्टे होते का? बसल्यावर लढाऊ विमानासारखा दिसत होता का? तसं असेल तर तो ओलिअँडर हॉक मॉथ. आवारात तगर किंवा कण्हेर असेल तर पानं उलटून बघा. अळी हिरवी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके, शेपटाला शिंग. तिला सुरवंट म्हणू नका. सुरवंट केसाळ, अंगाला लागला की खाज सुटते. ही गुळगुळीत, म्हणून अळी.

प्रश्नकर्ती : पट्टे होते, अगदी तसेच! सकाळी तगरीखाली फरशीवर काळ्या लेंड्या दिसल्या, म्हणून वर पाहिलं. एक फांदी निम्मी खाल्लेली आणि देठाला उलटी चिकटलेली अळी. लेकीने हळूच पान हलवलं, तर अळीने डोकं आत ओढलं आणि ते निळे डोळे टम्म फुगले. तगरीची छाटणी आता लेकीने थांबवायला लावली आहे.