पाळी गेल्यावर हार्मोन्स घ्यावेत का? २००२ची भीती आता पुरे

मेघना
गेले चौदा महिने मी हार्मोन थेरपी घेते आहे. त्याआधी रात्रीतून तीन-तीनदा घामाने भिजून उठायचे, कपडे बदलायचे, आणि दिवसा बोलता बोलता साधे शब्द आठवायचे नाहीत. इस्ट्रोजेनचा पॅच आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी सुरू केली, महिन्याभरात झोप परत आली. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "त्याने कॅन्सर होतो ना?"

ही भीती २००२ सालची. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही मोठी चाचणी चालू होती. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) एकत्र देण्याचा तिचा भाग, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्याने, त्या जुलैत मुदतीआधी थांबवला, आणि ठिकठिकाणच्या बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्यांवरचे निष्कर्ष पन्नाशीतल्या बाईला जसेच्या तसे कसे लावायचे? स्तनाच्या कर्करोगातली वाढही दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ८ इतकी होती. आज साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केली, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, असं तज्ज्ञ संस्थाच म्हणतात. निव्वळ धास्तीपोटी बायकांनी वर्षानुवर्षं सोसत राहावं, हे मला पटत नाही.

उत्तरा
मेघना, तुझी झोप परत आली हे वाचून खरंच बरं वाटलं. पण तू २००२वरच थांबलीस. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगभरातल्या अभ्यासांची एकत्र छाननी आली. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन्स रोज घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० बायकांमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कर्करोग, असा तिचा अंदाज आहे. औषध बंद केल्यावरही धोका दहा वर्षांहून जास्त काळ थोडा उरतो. दहा हजारांत ८ हे ऐकायला किरकोळ वाटतं, कारण तो हिशोब एका वर्षाचा आहे.

माझ्या बहिणीने सहा वर्षं गोळ्या घेतल्या. गाठ निघाली ती इस्ट्रोजेनवर वाढणारी. गोळ्यांमुळेच झाली असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण आमच्या मावशीला हाच आजार होता, आणि गोळ्या लिहून देताना घरात कुणाला काय झालंय हे बहिणीला कुणी विचारलं नव्हतं. त्याचा राग अजून जात नाही.

शर्वरी
माझी गोष्ट तुम्हा दोघींहून वेगळी. ३८व्या वर्षी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढावी लागली. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण एक्कावन्नपर्यंत, घ्या असाच सल्ला असतो. गर्भाशय नसल्यामुळे मला प्रोजेस्टेरॉन लागत नाही. त्याचं मुख्य काम गर्भाशयाचं अस्तर वाढून तिथे कर्करोग होऊ नये हे. त्याच अमेरिकन चाचणीत नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता, पक्षाघात मात्र वाढला होता. "हार्मोन्स चांगले की वाईट" या भांडणात आमच्यासारख्या कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

वसुधा
मी मेघनाशी असहमत. पाळी जाणं हा आजार नाही. माझ्या आईने, आजीने कुठे पॅच लावले होते?

मेघना
वसुधाताई, त्यांनी सोसलं ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. तुम्हाला त्रास झाला नसेल तर औषधाची गरजच नाही. हृदयविकार टाळायला किंवा तरुण राहायला हे घ्यावं असं मीही म्हणणार नाही.

उत्तरा, ५०त एक हा आकडा मला माहीत नव्हता. तो छोटा नाही, माझं "धास्ती" हे बोलणं मागे घेते. पॅचने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी असतो म्हणून मी तो निवडला, पण स्तनाच्या बाबतीत पॅचने सुटका होते असं मानायला आधार नाही, हेही खरं. तरी ज्या बाईला रात्र रात्र झोप नाही, तिला हा आकडा समोर ठेवून ठरवू द्यावं. तिच्या वतीने आधीच "नको" म्हणू नये.

उत्तरा
ठरवू द्यावं, मान्य. पण त्याआधी घराण्याचा इतिहास, मॅमोग्राफी, रक्तदाब हे सगळं व्हायला हवं, आणि दरवर्षी पुन्हा विचार. नुसता कोरडेपणाचा त्रास असेल तर योनीत लावायचं कमी मात्रेचं क्रीम पुरतं, ते रक्तात फारच थोडं उतरतं. ज्यांना कर्करोग होऊन गेलाय त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. हे आधी का सांगत नाहीत?

आणि तू कधी थांबणार आहेस, ते लिहिलं नाहीस.

मेघना
कारण ठरलेलं नाही. मध्यंतरी दोन आठवडे पॅच मिळाला नव्हता, तर चौथ्याच रात्री पुन्हा कपडे बदलत बसले होते.