मदत हवी आहे: ‘बाइक स्लिप’ला धोकादायक अपघात धरायचं का?

इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेंट आहे. थीसिससाठी जुन्या केसपेपरांवर कॅनेडियन सीटी हेड रूल (2001; डोक्याला मार लागलेल्या कुणाचा सीटी स्कॅन करायचा हे ठरवणारा नियम) पडताळतेय. जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) 13 ते 15 वालेच घेतलेत. 16 वर्षांच्या आतले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचे वगळलेत.

अडलंय एकाच रकान्यात. मूळ नियमात धोकादायक अपघात म्हणजे वाहनाने उडवलेला पादचारी, गाडीबाहेर फेकला गेलेला किंवा 3 फुटांपेक्षा उंचावरून, 5 पायऱ्यांवरून पडलेला. आमच्याकडे बहुतेक दुचाकीवाले! पेपरवर नुसतं ‘बाइक स्लिप, अल्कोहोल स्मेल +’; वेग, हेल्मेट काही नाही. गाइड म्हणतात, सरसकट ‘हो’ लिही. मग जवळपास सगळ्यांचाच सीटी निघतो, नियम हवा कशाला?

पेशंटना फोन करायला एथिक्सची परवानगी नाही. दोन्ही व्याख्यांनी (बाइक स्लिप धरून आणि न धरून) वेगवेगळं विश्लेषण दाखवलं तर चालेल, की डेटा उघडण्याआधी एकच मुख्य व्याख्या ठरवावी लागेल?