'पाहिला', 'पाहिली' की 'पाहिलं'? : एकाच नावाच्या कलाकृती आणि 'नामसाधर्म्य'

चर्चेसाठी प्रश्न

काल मुलाला 'जिवलगा' लावायला सांगितलं. मला 'जिवलगा, कधी रे येशील तू' ऐकायचं होतं, लागलं 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे'. दोन्ही आशाबाईंची आणि दोन्ही माझी आवडती, त्यामुळे तक्रार नाही. पण मुलाने विचारलं, "अशा सारख्या नावांच्या गाण्यांना म्हणतात काय?" मला नीट सांगता आलं नाही. 'नामसाधर्म्य' म्हणावं की 'नामसाम्य'? एकाच नावाचे दोन सिनेमे, दोन नाटकं, दोन मालिका असल्या तर त्यांना मिळून एखादा शब्द आहे का? आणि 'जिवलगा' बरोबर की 'जीवलगा'? दोन्ही लिहिलेलं दिसतं.

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो सोपा आहे. 'जिवलगा', ऱ्हस्वच. 'जीव' एकटा असताना दीर्घ, पण प्रत्यय लागून त्याचा 'जिवा' झाला की ऱ्हस्व होतो : जिवाला, जिवापाड. 'जिवलग'ही तसाच ऱ्हस्व. जिवाला लागलेला तो जिवलग, त्याला हाक मारली की जिवलगा.

आता मुख्य शब्द. 'साम्य' म्हणजे सारखेपणा. 'साधर्म्य' म्हणजे समान धर्म, म्हणजे गुण किंवा लक्षण समान असणं. काटेकोरपणे पाहिलं तर नाव अक्षरशः तेच असेल तिथे 'नामसाम्य' आणि नावाची ठेवण जवळची असेल तिथे 'नामसाधर्म्य' किंवा 'नामसादृश्य' म्हणावं. पण रूढ झाला आहे तो 'नामसाधर्म्य'. निवडणुकीत एकाच नावाचे दोन उमेदवार उभे राहिले की बातमीत हाच शब्द येतो. रूढ शब्दाशी भांडू नये असं माझं मत आहे. माणसांसाठी 'नामबंधू' हा गोड शब्द आहे, पण सिनेमांना तो लावलेला मी कधी ऐकला नाही. मराठी विकिपीडियावर अशा नावांची यादी देणाऱ्या पानाला 'निःसंदिग्धीकरण' म्हणतात. शब्द अचूक आहे, पण बोलताना जिभेवर बसत नाही.

आणखी एक गोष्ट. 'सारख्या शीर्षकाची गाणी' म्हणणं मला खटकतं. आपल्याकडे गाण्याला बहुधा शीर्षक नसतंच. कवितेला असतं, गाण्याला मुखडा असतो. आपण गाणं पहिल्या ओळीने ओळखतो आणि घाईत त्या ओळीचा पहिला शब्दच नाव म्हणून वापरतो. 'कधी रे येशील तू' हे 'सुवासिनी' (१९६१) या चित्रपटातलं, गदिमा आणि सुधीर फडक्यांचं. 'राहिले रे दूर घर माझे' हे शान्ता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकरांचं. या दोघांचं 'नाव' सारखं नाही, त्यांची हाक सारखी आहे. पुढे २०१९ मध्ये 'जिवलगा' नावाची मालिका आली. तिच्या बाबतीत मात्र ते खरंखुरं शीर्षक आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण मला वाटतं आपण नेमक्या जागी बघत नाही आहोत. एकाच नावाच्या कलाकृती वेगळ्या काढायला मराठीत नामापेक्षा क्रियापद जास्त कामाला येतं.

आमच्या घरातलंच सांगते. २००५ च्या सुमारास 'या सुखांनो या' ही मालिका जोरात होती. हे मूळ गाणं 'एकटी' (१९६८) या चित्रपटातलं, तेही गदिमा, फडके आणि आशाबाईंचं. बाबा रेडिओवाले, आई मालिकावाली. बाबांनी हाक मारली, "'या सुखांनो या' लागलंय!" की आई जागची हलायची नाही. "'या सुखांनो या' लागलीय!" असं कुणी म्हटलं की हातातलं काम टाकून यायची. लागलंय म्हणजे गाणं, लागलीय म्हणजे मालिका. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, घरात सगळ्यांना ते आपोआप कळायचं.

हे सगळीकडे करून बघा. 'तुला पाहते रे' ऐकलं म्हणजे 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मधलं त्या आंधळ्या मुलीचं गाणं, 'तुला पाहते रे' बघितली म्हणजे २०१८ ची मालिका. 'प्रपंच' पाहिला म्हणजे १९६१ चा चित्रपट, 'प्रपंच' पाहिली म्हणजे अल्फा मराठीवरची मालिका. 'नटसम्राट' पाहिलं म्हणणाऱ्याने नाटक पाहिलेलं असतं, पाहिला म्हणणाऱ्याने २०१६ चा चित्रपट. 'कट्यार काळजात घुसली'चंही तसंच : १९६७ चं नाटक पाहिलं, २०१५ चा चित्रपट पाहिला. चित्रपट पुल्लिंगी, मालिका आणि कादंबरी स्त्रीलिंगी, नाटक, गाणं, पुस्तक नपुंसकलिंगी. तीन लिंगांचं ओझं वाहतो म्हणून आपण कुरकुरतो, पण इथे तीच लिंगं हे काम चोख करतात.

प्रतिसाद ३

ताई, निरीक्षण फार आवडलं, पण हा नियम दरवेळी टिकत नाही. नावातला शब्द स्वतःच ठसठशीत लिंगाचा असला की तो क्रियापदाला आपल्याकडे ओढतो. सुहास शिरवळकरांची कादंबरी 'दुनियादारी' वाचली, इथपर्यंत ठीक. २०१३ चा चित्रपट मात्र काहीजण पाहिला म्हणतात, काहीजण पाहिली. मिलिंद बोकिलांची 'शाळा' घ्या. कादंबरी वाचली. चित्रपट? "'शाळा' पाहिला का?" हे माझ्या तोंडून निघतच नाही. मी "'शाळा' पाहिली का?" असंच विचारतो, आणि नवख्या माणसाला वाटतं की मी एखाद्या शाळेची चौकशी करतोय.

दुसरं म्हणजे, नाव सारखं असण्यामागची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकासाठी आपल्याकडे निराळा शब्दप्रयोग आहे. 'नटसम्राट' चित्रपट नाटकावरून केलेला आहे. अमिताभ बच्चनचा 'अग्निपथ' (१९९०) आणि २०१२ चा 'अग्निपथ' यांच्यात मूळ आणि रिमेक असं नातं आहे. पण १९७६ चा 'हेरा फेरी' आणि २००० चा 'हेरा फेरी' नुसते एका नावाचे, गोष्टी संपूर्ण वेगळ्या. 'दोस्ताना' १९८० आणि २००८, तेही तसेच. नामसाधर्म्य हा शब्द मी या शेवटच्या प्रकारासाठीच राखून ठेवीन. रिमेकला नामसाधर्म्य म्हटलं तर नातं नाकारल्यासारखं होतं. साध्या बोलण्यात आपण हा फरक पाळतोच : "तोच सिनेमा पुन्हा काढलाय" आणि "त्याच नावाचा दुसरा सिनेमा आहे". 'तोच' आणि 'त्याच नावाचा' यांची गल्लत केली तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात भलतीच गोष्ट बसते.

प्रतिसाद ४

थोडं अवांतर, पण शब्दाशी संबंधित. महेश कोठाऱ्यांचा 'दे दणादण' १९८७ चा. हिंदीतला 'दे दना दन' २००९ चा. कथेचा काही संबंध नाही, आणि नावही तेच नाही. आपल्या दणादणमध्ये दोन वेळा ण आहे आणि तो दण असा आदळतो. न लिहिला की तो मारच हलका पडतो. लोक घाईत मराठी सिनेमाचं नावही 'दे दनादन' लिहितात. कृपया लिहू नका.

उलटी गंमत 'अंदाज'ची आहे. १९४९, १९७१, १९९४ आणि २००३, असे चार हिंदी सिनेमे या एका नावाचे. मराठी माणूस अंदाज म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अदमास असतो, हवामानाचा अंदाज, खर्चाचा अंदाज. त्या सिनेमांच्या नावातला अंदाज म्हणजे ढंग, ऐट. नाव एक, लिपी एक, आणि तरी आपण ते चुकीच्या अर्थाने वाचत आलो. लहानपणी मला वाटायचं की सिनेमात कुणीतरी कसला तरी तर्क लढवत असेल.

प्रतिसाद ५

एक शब्द राहिला : रेशीमगाठ. रणजित देसाईंचं नाटक 'हे बंध रेशमाचे', मग 'जुळून येती रेशीमगाठी' (२०१३), मग 'माझी तुझी रेशीमगाठ' (२०२१). यातलं कुठलंच नाव दुसऱ्यासारखं नाही, तरी नात्यातल्या बायका मालिकांची नावं सर्रास एकमेकींत मिसळतात. मला वाटतं 'नामसादृश्य' हा शब्द इथे चपखल बसतो. नाव एक नाही, पण त्याची कांती एक आहे. रेशमाची गाठ एकदा बसली की सहज सुटत नाही, म्हणून लग्नाच्या नात्याला हा शब्द लागला आणि म्हणून मालिकावाल्यांना तो पुन्हा पुन्हा हवासा वाटतो. यात नक्कल आहे असं मी मानत नाही. कुणा एकाच्या मालकीचा होईल इतका लहान शब्दच नाही तो. लिहिताना मात्र रेशीम, पण रेशमाचे. 'रेशीमाचे' नव्हे.

प्रतिसाद २ कडून पुन्हा

'शाळा'चा मुद्दा मान्य. माझ्या नियमाला आणखी एक जागा आहे जिथे तो अपुरा पडतो, ती मीच सांगते. 'पुढचं पाऊल' नावाचे दोन मराठी चित्रपट आहेत. एक राजा परांजप्यांचा, १९५० चा. दुसरा राजदत्तांचा, १९८६ चा, हुंड्याच्या प्रश्नावरचा. शिवाय २०११ मध्ये सुरू झालेली अक्कासाहेबांची मालिका. मालिका पाहिली म्हटलं की बाजूला निघते, पण दोन चित्रपट दोन्ही पाहिला. तिथे आपण षष्ठीचा आधार घेतो : परांजप्यांचा 'पुढचं पाऊल', राजदत्तांचा 'पुढचं पाऊल'. ऐकायला विचित्र आहे, 'परांजप्यांचा' पुल्लिंगी आणि लगेच 'पुढचं' नपुंसकलिंगी. व्याकरण कच्चं असल्यासारखं वाटतं, पण ते पक्कं आहे. 'परांजप्यांचा' हा न उच्चारलेल्या 'चित्रपट' शब्दाला लागला आहे. 'परांजप्यांचं पुढचं पाऊल' म्हटलं असतं तर परांजपे आता पुढे काय करणार, असा अर्थ झाला असता.

आणि मूळ प्रश्नकर्त्यांना : तुमच्या दोन 'जिवलगा'पुढे लिंग आणि गायिका दोन्ही हात टेकतात. दोन्ही लागलंच आणि दोन्ही आशाबाईंचीच. संगीतकार सांगून चालेल, फडक्यांचं आणि हृदयनाथांचं, पण मुलाला ती नावं ठाऊक नसतील तर सरळ पुढचे दोन शब्द गुणगुणून दाखवा. "'कधी रे'वालं लाव" म्हणा. आमच्या घरी तर त्या गाण्याचं नावच 'कधी रे' पडलं आहे.