हप्त्यामागची श्रेढी
'चक्रवाढ व्याजापर्यंत शिकवा, पुढचं गणित कुणाच्या कामी येतं?' हे मत मला मुळीच पटत नाही. धाकट्या भावाने घरासाठी 20 लाखांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. हप्ता सुमारे 17,356 रुपये. एकूण व्याजच 21 लाखांवर जातं म्हटल्यावर तो हबकला. मग वहीवर मांडून दाखवलं: पहिल्या हप्त्यातले 14,167 रुपये नुसतं व्याज, मुद्दल फिटते जेमतेम 3,190. पुढे मुद्दलाचा हा वाटा दर महिन्याला त्याच पटीने वाढत जातो. ही सगळी गुणोत्तर श्रेढीची करामत, म्हणजे आधीच्या संख्येला दर वेळी त्याच संख्येने गुणत जाणारी मालिका. आपल्या राज्य मंडळात दहावीला अंकगणिती श्रेढी (दर वेळी तीच संख्या मिळवत जाणारी) आहे, गुणोत्तर श्रेढी मात्र अकरावीत, तीही गणित घेतलं तरच. ती दहावीतच आणा, आणि पहिलं उदाहरण हप्त्याचंच द्या. मुलं घरी जाऊन आईबाबांच्या कर्जाचा हिशेब मांडतील.