सासूबाईंसाठी बिनसाखरेची बदाम बिस्किटं: ट्रेवरच भुगा होतोय, सल्ला हवा

प्रतापनगरची सून:
नमस्कार. सासूबाईंना चारच्या चहासोबत नानकटाई लागायचीच. गेल्या महिन्यात साखर वाढली आणि डॉक्टरांनी मैदा, साखर दोन्ही बंद केलं. आता त्या नुसता चहा घेतात. डब्याकडे एकदा बघतात, बोलत काही नाहीत. मला ते पाहवत नाही. म्हणून रविवारी नागपूरच्या इतवारी बाजारातून पाव किलो बदाम आणून बिस्किटं केली. वास सुरेख सुटला, पण उचलायला गेले तर ट्रेवरच भुगा! काय चुकलं? गोडीला गूळ चालेल का? घरात अंडं चालत नाही.

महालातली काकू:
गूळ नको गं, खजूरही नको. दोन्हीनं साखर वाढतेच. एरिथ्रिटॉल आण, साखरेऐवजी वापरतात ते. साखरेच्या साधारण 70 टक्के गोड असतं. मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं काढ, नाही तर दाताखाली कचकचतं. जिभेला जरा गार लागतं, पण वेलची आणि संत्र्याच्या सालीचा कीस घातला की जाणवत नाही. कीस वरच्या केशरी सालीचाच घे, आतलं पांढरं कडू असतं. पाकिटावर 'शुगर फ्री' लिहिलेलं असलं तरी मागची बाजू वाच. माल्टिटॉल दिसलं तर परत ठेव, तेही साखरेऐवजी घालतात, पण त्यानं साखर चढते.

आता भुग्याचं. बदामात ग्लुटेन, म्हणजे मैद्यातला चिकटपणा, नाही, मग पीठ धरून ठेवणार कोण? त्याला आपलं जवस. एक मोठा चमचा बारीक दळून तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेव, अंड्यासारखं बुळबुळीत होतं. माझं माप: बदामाची पूड 200 ग्रॅम, अक्रोडाचे तुकडे 50, लोणी 60, एरिथ्रिटॉल 60, चिमूट मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर.

सदरकर:
काकूंचं माप बरोबर आहे, पण ताई, तुम्ही गरम असतानाच उचलली ना? ओव्हनमधून निघताना ही मऊच असतात. 150 अंशांवर 15 ते 18 मिनिटं, कडा बदामी झाल्या की बंद. मग अर्धा तास ट्रेला हात लावू नका. गार होताना एरिथ्रिटॉल पुन्हा घट्ट होतं, तेव्हाच कुरकुरीतपणा येतो.

बदाम दळताना मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय थापूच नका, लोणी ओट्यावरच वितळतं.

गोकुळपेठ:
अर्धे काजू घातले तर? स्वस्त नाहीत, पण चव येते.

महालातली काकू:
चवीला दोन-चार घाल, अर्धे नको. शंभर ग्रॅम काजूत कर्बोदकं 30 ग्रॅमच्या आसपास, तंतू जेमतेम 3. बदामात 21 आणि त्यातले निम्म्याहून जास्त तंतूच. तरी चहासोबत दोनच द्यायची, बदामात उष्मांक भरपूर असतात. पहिल्या दिवशी दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघून घे.

प्रतापनगरची सून:
काकू, दादा, आज केली! वीस झाली, एकच मोडलं. सासूबाईंनी सवयीनं चहात बुडवलं तर अर्धं कपातच विरघळलं. चमच्यानं काढून खाल्लं त्यांनी, तळापर्यंत. बुडवता येतील इतकी कडक कशी करू?

सदरकर:
गार झाल्यावर पुन्हा 120 अंशांवर दहा मिनिटं ठेवा, टोस्टसारखी. थोडी पातळ थापा. तरी पटकन बुडवून काढायची.